सहा वेळा ‘चालस’

नाना, तुमच्या उत्तरकार्याच्या दिवशी धुळ्याच्या घरी मला निदान सात माणसांशी भांडायचं होतं. भांडले नाही, कारण तुमच्या पत्नी, अक्का, समोर बसल्या होत्या आणि पंगत उठायची होती. सातही जण एकच वाक्य बोलले. कोणी हळू बोललं, कोणी पानात भात घेता घेता बोललं. एकाने तर हात धुवायच्या नळापाशी मला गाठलं. "काय मॅडम, जन्मभर व्यायाम केला त्या माणसाने. शेवटी काय, उंबऱ्यातच पडला ना?"

जळगावला परत आल्यावर मी यादी केली. या वाक्याला काय काय उत्तर देता येईल त्याची. चार उत्तरं लिहिली आणि चारही खोडली. पाचवं खरं होतं, पण ते दिलं असतं तर चारचौघांत तुमचं हसं झालं असतं. म्हणून गप्प बसले. मी गप्प बसले तसं ते वाक्य धुळ्याहून इथे जळगावात, पिंप्राळ्यात आलं, कॉलनीभर फिरलं आणि दोन आठवड्यांत आपला रविवार बंद पडायची वेळ आली. दर रविवारी सकाळी कडुनिंबाखाली माणसांच्या हालचाली तपासायचं आपलं काम. तपासणारा माणूसच पडला, मग तपासणी कशाला, असा साधा हिशेब.

तुमची नोकरी, तुमचे विद्यार्थी, तुम्ही मैदानावर काय काय मिळवलंत, हे लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी लिहावं. माझं तुमच्याशी भांडण अर्धवट राहिलंय. ते आधी.

आपली ओळखही भांडणानेच झाली. माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तुम्ही विमलबाईंना घेऊन आलात. विमलबाई माझ्याच पेशंट. गुडघ्यासाठी दीड महिना येत होत्या. गुडघा वाकायला लागला, दुखायचा थांबला, जिना चढता-उतरता यायला लागला, तेव्हा मी त्यांच्या कार्डावर ‘उपचार पूर्ण’ लिहून त्यांना निरोप दिला. तीन आठवड्यांत गुडघा पुन्हा सुजला. तुम्ही धुळ्याच्या शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त होऊन नुकतेच इथे मुलाकडे राहायला आला होतात आणि कॉलनीच्या मोकळ्या जागेत सकाळी लोकांचा व्यायाम घ्यायला लागला होतात. विमलबाई तुमच्या वर्गात येत. तुम्ही ते कार्ड माझ्यासमोर टेबलावर ठेवलंत.

"मॅडम, हे अक्षर तुमचं?"

"हो."

"उपचार पूर्ण म्हणजे काय? बाई पूर्ण झाली का?"

मी म्हणाले, की गुडघा पूर्ण बरा होता. तुम्ही म्हणालात, "ही काय काम करते, माहीत आहे?"

मी कार्ड पाहिलं. "गृहिणी."

"बिबड्या करून विकते. ज्वारी भिजवायची, दळायची, शिजवायची आणि गच्चीवर खाली बसून थापायची. उन्हाळाभर, सकाळपासून. तुमच्या कार्डावर जिना आहे, चालणं आहे. खाली बसणं कुठे आहे?"

विमलबाई मध्येच म्हणाल्या, "जाऊ द्या ना नाना, मॅडमनी काय गच्चीवर यायचं का?"

"यायचं," तुम्ही म्हणालात. मला राग आला होता. पण राग आला की मी कागदावर लिहून काढते, आणि लिहिताना लक्षात आलं की तुमचं म्हणणं खोडता येत नाहीये. मी तुम्हाला उलट विचारलं, "आणि तुमच्या वर्गात आल्या आल्या तुम्ही यांना काय करायला लावलंत?"

"बैठका."

"किती?"

तुम्ही टेबलावरचं कार्ड उचलून पुन्हा खाली ठेवलंत. म्हणजे चूक दोघांची होती. माझ्या दवाखान्याचं काम दुखणं थांबलं की संपत होतं. तुमच्या मैदानाचं काम बैठकांपासून सुरू होत होतं. मधे एक रस्ता आणि एक रिक्षाथांबा. तेवढ्या अंतरात विमलबाईंचं काय करायचं ते कोणाचंच काम नव्हतं.

तिथून तो कागद निघाला. दवाखान्यातही तोच आणि मैदानावरही तोच. सहा हालचाली. काठी डोक्यावर धरून उकिडवं बसणं. एका पायावर उभं राहणं. दोरी ओलांडणं. एक हात वरून आणि एक खालून पाठीमागे नेऊन बोटं किती जवळ येतात ते पाहणं. उताणं झोपून एकेक पाय सरळ वर उचलणं. जमिनीवर बसून हात न टेकता उठणं. नीट जमलं तर टिक, ओढूनताणून जमलं तर अर्धी टिक, दुखलं तर लाल टिंब. लाल टिंबवाला माझ्याकडे. अर्धी टिकवाला तुमच्याकडे, पण हलक्या व्यायामाला. पूर्ण टिकवाल्याने हव्या तेवढ्या बैठका काढाव्यात. आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, माणूस बरा असो की आजारी. मी म्हणाले, इतक्यांदा कोण येणार? तुम्ही म्हणालात, "स्कूटर नेतात ना सर्व्हिसिंगला? ती काय आजारी असते?"

दोरी किती उंचीवर बांधायची यावर मी पुस्तकं काढून बसले. तुम्ही म्हणालात, "उंबऱ्याइतकी. माणूस रोज काय ओलांडतो? उंबरा." मी तसं लिहून घेतलं.

कागद कोणाकडे राहणार यावरून मात्र शेवटपर्यंत आपलं पटलं नाही. माझं म्हणणं, माझ्या कपाटात, नावाप्रमाणे फाइलमध्ये, म्हणजे हरवणार नाही. तुमचं म्हणणं, माणसाच्या खिशात. "कपाटात ठेवून कागदाला काय व्यायाम?" मी म्हणायचे, लोक कागद धुण्यात टाकतात. तुम्ही म्हणायचात, टाकू दे, दुसरा करू. आणि तुम्ही गुपचूप लोकांना दुसरी प्रत वाटत होतात, हे मला झेरॉक्सवाल्याने सांगितलं. ‘मॅडम’ म्हणणं सोडून तुम्ही मला ‘यादीबाई’ म्हणायला आणि अगंतुगं करायला लागलात ते त्याच भांडणात. मला आवडलं नव्हतं. आता सवय झाली होती.

भडगावजवळच्या त्या गावातलं शिबिर आठवतं? तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ठरवलेलं. बायका खूप आल्या होत्या आणि वेळ थोडा होता. मी माझ्या हुशारीने वेळ वाचवला. दवाखान्यातल्या सुनीताला टेबलावर बसवलं आणि सांगितलं, तू विचार आणि भर. तासाभरात गठ्ठा तयार. प्रत्येक कागदावर सहाच्या सहा टिक. माझं माहेर भुसावळकडचं, तुमची अहिराणी मला कळते पण येत नाही, आणि सुनीता तर नाशिकची. तुम्ही गठ्ठा चाळलात आणि म्हणालात, "बठ्ठ्या पास? गाव पैलवानांचं निघालं की." मग टेबलाच्या मागे जाऊन उभे राहिलात.

"मावशी, गुडघा कसा आहे?" सुनीता विचारत होती.

"चालस."

"एका पायावर उभं राहता येतं?"

"चालस ना. चालस म्हनीसनच वावरमा जास ना मी."

सुनीताने टिक केली. चालस म्हणजे चालतो, तिच्या दृष्टीने बरोबरच होतं. तुम्ही त्या मावशींना बाजूला घेतलंत. "माय, हाई दोरी वलांडी दखाडा बरं." मावशींनी पाय उचलला, हवेत हात फिरवला, काही सापडेना म्हणून तुमचा खांदा धरला. दोरी पायात आली.

"दुखस का?"

"दुखस," मावशी म्हणाल्या. "पन चालस."

सगळ्या बायका हसल्या. तुम्ही हसला नाहीत. परतीच्या वाटेवर जीपमध्ये म्हणालात, "आमच्याकडे या एका शब्दात माणूस डॉक्टरला परत पाठवतो, जावयाला परत पाठवतो आणि यमालाही परत पाठवतो. चालस म्हणजे चालतो असं नाही, यादीबाई. चालस म्हणजे, तुम्ही निघा." तो अख्खा गठ्ठा आपण फाडला. पुढच्या महिन्यात परत गेलो आणि सगळ्यांना खरोखर दोरी ओलांडायला लावली. तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या डोक्यावर एक ओळ छापलेली असते. शब्द तुमचे, छापायचा आग्रह माझा. ‘विचारायचं नाही. बघायचं.’

आता तुमच्या कागदाकडे येते.

सगळ्यांची तपासणी झाली. विमलबाईंची, किराणावाल्या शेठजींची, अक्कांचीसुद्धा. तुमची नाही. तुमच्या सबबींचीही माझ्याकडे यादी आहे. आज उपास आहे. आज चिखल आहे. आज व्याही आलेत. आज काठी तुटली. आधी लोकांचं होऊ दे. एका रविवारी मी सर्वांसमोर हटूनच बसले, तेव्हा तुम्ही कागद घेतलात, झाडाला टेकून खिशातलं पेन काढलंत आणि दोन मिनिटांत भरून दिलात. सहा चौकटी, सहा वेळा एकच शब्द. चालस, चालस, चालस, चालस, चालस, चालस. खाली सही, तीही शाळेच्या हजेरीपटावर करतात तशी.

आणि मी हसले. हेच मला सहन होत नाही, नाना. मी इतकी हसले की तो कागद नेऊन दवाखान्याच्या फलकावर टाचला. आलेल्या-गेलेल्याला दाखवला. दीड वर्ष तो तिथे कॅलेंडरशेजारी होता. जो कागद मी गठ्ठ्यात फाडला होता, तोच तुमच्या अक्षरात आला तर मला विनोद वाटला.

मी पाहिलं होतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते. दिवाळीनंतर तुम्ही एका पायावर उभं राहून दाखवताना कडुनिंबाला हात लावायला लागलात. सहज लावल्यासारखा, बोलता बोलता. मग ते दाखवणंच बंद केलंत. दोरी ओलांडून दाखवायला विमलबाईंना पुढे करायला लागलात, आणि त्या बिचाऱ्या खूश, की नानांनी आपल्याला मास्तर केलं. पूर्वी उभ्या उभ्या बूट चढवायचात, आता पारावर बसून. मैदानाच्या कडेची ती बुटकी भिंत ओलांडून यायचात, आता फाटकातून वळसा घालून. एवढं सगळं माझ्या डोळ्यांनी टिपलं होतं. हे कोणा पेशंटचं असतं तर मी त्याच दिवशी फाइल उघडली असती.

आणि मी काय केलं? मी विचारलं. चहा पिताना, खालच्या आवाजात, तुमचा मान राखून. "नाना, बरं आहे ना सगळं?"

"चालस," तुम्ही म्हणालात.

मी कप ठेवला आणि पुढच्या रविवारची यादी काढली.

धुळ्याला तुम्ही पुतण्याच्या लग्नाला गेलात. जुनं घर, मागच्या खोलीचा उंबरा. दोन्ही हातांत काहीतरी घेऊन निघाला होतात, असं अक्का सांगतात. पाय अडकला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन वेळेवर झालं, चांगलं झालं, डॉक्टरांनी तिसऱ्याच दिवशी उभं करा म्हणून सांगितलं होतं. मी दोनदा एसटीने आले. दोन्ही वेळा तुम्ही खाटेवर. घरातली माणसं वाईट नव्हती, हेच वाईट होतं. सगळे तुमच्यावर जीव टाकत होते. उशी देत होते, पाणी देत होते, पाय दाबत होते. "मॅडम, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, आता नानांना त्रास नको." मी भिंतीवर यादी चिकटवली. सकाळी बसवणं. श्वासाचे व्यायाम. वॉकर धरून उभं करणं. कोणी, कधी, किती वेळा. शेजारी टिक करायला चौकटी. दुसऱ्या वेळी आले तेव्हा एकाही चौकटीत टिक नव्हती.

तुम्ही यादीकडे बघत होतात. "यादीबाई, तुझ्या समाधानासाठी मीच टिक करून ठेवू का?"

"टिक नको. उठा."

"पोरं घाबरतात गं. मी हललो की सगळ्यांचे चेहरे पडतात."

"तुम्ही शाळेत किती पोरांना उठवलंत? पडलं की उठ, रडू नको, म्हणायचात ना?"

"ती दुसऱ्यांची होती." मग उशी सरळ करत, "राहू दे ना. चालस."

मला इतका संताप आला की मी पिशवी उचलली. तुम्ही मागून म्हणालात, "माझ्या कागदाचं बोलतेस. तुझा कागद कुठे आहे?" मी म्हणाले, "तुम्ही उभे राहा, मग बोलू." दारात वळूनही पाहिलं नाही. पुढे तुमच्या छातीत कफ झाला, मग ताप, मग तो उतरेना. तिसऱ्या वेळी धुळ्याची बस पकडली ती अंत्ययात्रेसाठी.

नाना, मी तुमच्यावर चिडले आहे आणि हे कुठे सांगायची सोय नाही. गेलेल्या माणसावर रागावायचं नसतं म्हणतात. पण तुम्ही माझ्या डोळ्यांना एक सवय लावून गेलात, तिचं मी काय करू? पूर्वी मी पेशंटला टेबलावर झोपवून तपासायचे. आता तो दारात चप्पल काढतो तिथूनच बघते. कोणता पाय आधी, हात कुठे टेकला, वाकताना श्वास धरला का. विमलबाई आता बिबड्यांचा पाट घेऊन बसतात आणि हात न टेकता उठतात, आणि उठल्यावर आधी माझ्याकडे बघतात, शाळेतल्या मुलीसारख्या. हे सगळं तुमचं आहे. मला आयुष्यभराचं काम दिलंत आणि स्वतः त्यातून सुटून गेलात. ही काय मास्तरकी?

पंगत उठल्यावर अक्कांनी मला आत बोलावलं. तुमची ती काळी रेग्झिनची पिशवी दिली. "हे बठ्ठं तुमचंच काम होतं, तुम्हीच न्या." पिशवीत शिट्टी होती, गुंडाळलेली दोरी होती, खडूचे तुकडे होते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. मला वाटलं, तुमचा असेल. खरा, भरलेला.

वर माझं नाव होतं.

तुमचं तिरकं अक्षर, प्रत्येक चौकटीत वेगळ्या शाईने, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिलेलं. काठी डोक्यावर: ‘उजवा हात कानापर्यंतच जातो. वरच्या फळीवरची फाइल डाव्या हाताने काढते.’ हात पाठीमागे: ‘ओढणी मागून घेताना तोंड वाकडं होतं. लाल टिंब.’ एका पायावर: ‘चांगली.’ दोरी: ‘घाईत असते, पण ओलांडते.’ पाय सरळ उचलणे: ‘पाहायला मिळालं नाही.’ आणि शेवटची चौकट, खाली बसून उठणे: ‘अडीच वर्षांत कधी खाली बसलेली पाहिली नाही. खुर्ची मागवते.’ सगळ्यात खाली, ‘पुढची तपासणी’ असं छापलंय तिथे: ‘स्वतःहून म्हणेल तेव्हा.’

बसमध्ये मी तो कागद पारोळ्यापर्यंत धरून होते. उजवा खांदा एक वर्षापासून दुखतो. मी कोणाला सांगितलं नव्हतं. घरी विचारलं तर म्हणायचे, ठीक आहे.

आता आजचं सांगते, कारण आज रविवार होता.

कडुनिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तुमचा फोटो, हार, उदबत्ती. वीसपंचवीस माणसं. काठी-दोरी कोणी आणली नव्हती. शेठजी बोलायला उभे राहिले. तुम्हाला माहीत आहेत ते, मनाने चांगले, पण एकदा दुकानाचा सूर लागला की थांबत नाहीत.

"मॅडम, नाना देवमाणूस. त्यात वाद नाही. पण लोक बोलतात तेही चूक नाही. रोज व्यायाम, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि नानाच पडले. मग आम्ही कशाला दोऱ्या ओलांडायच्या? त्यापेक्षा इथे नानांच्या नावाचा छानसा बाक बसवू. लोक येतील, बसतील, आठवण काढतील."

"नानांच्या नावाने लोकांना बसवणार?" मी म्हणाले.

मागे कोणीतरी हसलं. शेठजीही हसले, पण मान हलवत राहिले, आणि बाकीचे फोटोला नमस्कार करून निघायच्या बेतात होते. मी पर्स उघडली. पाचवं उत्तर पर्समध्ये होतं. सकाळी फलकावरून काढताना टाचण्यांची भोकं पडली होती. माफ करा नाना, चारचौघांतच दाखवलं.

"नानांची तपासणी झालीच नव्हती," मी म्हणाले. "एकदाही. हा त्यांचा कागद."

कागद हातोहात फिरला. आधी लोक हसले, दीड वर्ष माझ्या दवाखान्यात हसत होते तसेच. मग एकेकाने तो पुन्हा वाचला. शेठजींनी चष्मा लावून सहाही चौकटी वाचल्या, जणू प्रत्येकीत वेगळं काही असेल.

विमलबाई म्हणाल्या, "म्हणजे नाना आपल्याला फसवत होते?"

"आपल्याला नाही." मग मी सगळं सांगितलं. झाडाला लावलेला हात, पारावर बसून घातलेले बूट, फाटकातून घातलेला वळसा. मी पाहिलं होतं आणि तरी विचारत बसले, हेही सांगितलं. मला वाटलं होतं, आता लोक माझ्यावर चिडतील. कोणी चिडलं नाही.

विमलबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "झाडाचं मीपण पाहिलं होतं मॅडम. मला वाटलं, सावली धरतायत."

"मी बूट पाहिले होते," दुसरं कोणी म्हणालं. शेठजी म्हणाले, "भिंतीचं माझ्या लक्षात आलं होतं. म्हटलं, आता वय झालं." म्हणजे सगळ्यांनी बघितलं होतं, नाना. अख्ख्या मैदानाने. एकाच्याही तोंडून निघालं नाही, कारण तुम्ही मास्तर होतात.

मी पिशवीतून दोरी काढली. काठी नव्हती, शेजारच्या घरून जळमटं काढायच्या झाडूचा लांब दांडा मागवला. विमलबाईंच्या हातात पेन आणि कोरा कागद दिला. त्या गोंधळल्या. "कोणाची तपासणी?"

"माझी."

"तुमची? मी करू?" मग धीर करून, पेन उघडत, माझ्याच दवाखान्यातल्या आवाजात त्यांनी सुरुवात केली, "खांदा कसा आहे, मॅडम?"

शब्द माझ्या ओठांवर होता. माझी भाषा नाही ती, तरी होता.

"विचारू नका," मी म्हणाले. "बघा."

दांडा वर नेला. उजवा हात कानापाशी थांबला. विमलबाई पुढे आल्या, बाजूने पाहिलं, मागून पाहिलं आणि लाल टिंब काढलं. जरा मोठंच काढलं. दोरी मी ओलांडली, घाईत नाही. शेवटी खाली बसले, सगळ्यांच्या समोर, मातीत, आणि उठताना डावा हात टेकावाच लागला. अर्धी टिक. वाद घालायला जागा नव्हती.

अर्धी माणसं तोवर निघून गेली होती. त्यांची नावं माझ्याकडे आहेत. उरलेल्यांत शेठजी होते. ते वहाणा काढत म्हणाले, "मॅडम, ती दोरी किती वर बांधलीय?"

"उंबऱ्याइतकी."

त्यांनी एकदा तुमच्या फोटोकडे पाहिलं. मग फोटो ठेवलेली खुर्ची थोडी बाजूला सरकवली, कारण ती मधे येत होती.

बाकाचं अजून ठरलेलं नाही. ते म्हणतात बसवू, मी म्हणते नको, आणि हे भांडण तुमच्याशिवाय बेचव आहे. खांद्यासाठी उद्या सकाळी साडेआठची वेळ मी स्वतःलाच दिली आहे आणि सुनीताला सांगून ठेवलंय, टाळलं तर ऐकायचं नाही. तुमचा कागद आता फलकावर नाही. आणि माझे, तुमच्या तिरक्या अक्षरातला एक आणि विमलबाईंच्या हातचा एक, दोन्ही पर्सच्या पुढच्या कप्प्यात आहेत. कपाटात ठेवले नाहीत. तेवढं एक भांडण तुम्हाला सोडते.